तालुक्याच्या गावात नव्या नाटकांचा सीझन लावायचाय? मग हे वाचा

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली हौशी मंडळी. दिवसा कुणी मेडिकल चालवतं, कुणी झेडपीच्या शाळेवर शिक्षक, एक जण एसटीत कंडक्टर, आणि रात्री आठनंतर सगळे तालमीला. येत्या सीझनला आम्ही चार नवीन नाटकं लावतोय, चारही आत्ताच्या काळातली. एक द्राक्षबागायतदाराच्या घरातलं, पोरगा बत्तीस वर्षांचा झाला तरी लग्न जमत नाही. दुसरं यल्लम्मा देवीला सोडलेल्या एका जोगत्याचं आणि त्याच्या सख्ख्या भावाचं. तिसरं बाजार समितीतल्या हमालांचं, आणि चौथ्यात अठ्ठावन्न वर्षांची विधवा आई पुन्हा लग्न करायचं म्हणते आणि मुलगी ते ऐकून गप्प होते. गेल्या महिन्यात तीन-चार गावांतून फोन आले की हे सगळं तुम्ही जमवता कसं, आम्हालाही करायचंय, म्हणून जे माहितीय ते सगळं इथं लिहितोय.

पहिली गोष्ट, एकच नाटक करू नका. सीझनच करा. छोट्या गावात आपण वर्षभर घाम गाळून एक नाटक करतो, एक प्रयोग होतो, तीनशे लोक येतात, त्यातल्या दोनशेंना धक्का बसतो की हे काय नाटक, यात गाणी नाहीत विनोद नाही, आणि मग वर्षभर काहीच नाही. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून सुरुवात. पण तोच माणूस पाच महिन्यांत चार वेळा त्याच हॉलमध्ये येऊन बसला ना, तर तिसऱ्या नाटकाला तो वेगळा प्रेक्षक झालेला असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून जे केलं त्यातली ताकद हीच होती असं मला वाटतं, एक ठरलेली जागा, परवडणारं तिकीट, आणि सतत काहीतरी नवीन. लोकांना पाय वळवायची सवय लागली.

तारखा सगळ्यात आधी ठरवा, नाटकं ठरायच्या आधी. हे उलटं वाटेल पण नगरपालिकेचा हॉल असो की शाळेचा, डिसेंबर-जानेवारीत सगळी गॅदरिंगं असतात आणि तारीख मिळत नाही. शिवाय राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येते, तेव्हा आपले निम्मे नट, लाइटवाला आणि मेकअपवाला सगळे तिकडे अडकलेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, म्हणजे आईवर्ग घरातून निघत नाही. आम्ही असं बसवलंय. पहिलं नाटक ५ नोव्हेंबरच्या आसपासच्या शनिवारी, मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच 'सीतास्वयंवर' केलं, त्यामुळे आमच्या भागात त्या दिवसाला वेगळाच मान आहे, लोक त्या आठवड्यात नाटकाच्या मूडमध्ये असतात. मग संक्रांतीनंतर दुसरं. तिसरं, परीक्षा चालू असल्या तरी, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या जवळ, आणि चौथं २७ मार्चला, जागतिक रंगभूमी दिनाला, तेव्हा दहावीचे पेपरही संपलेले किंवा संपत आलेले असतात. हॉलचं बुकिंग लेखी घ्या, पावती घ्या, आणि आदल्या दिवसाची अर्धी शिफ्ट पण घ्या. सेट आणि लाइट त्याच दिवशी सकाळी लावू म्हणणारा दिग्दर्शक रात्री प्रयोगाला थकलेला नट उभा करतो.

आता नाटकं कुठून आणायची. लोक विचारतात नवीन नाटककार आहेत कुठे, मी म्हणतो तुमच्या तालुक्यातच आहेत, तुम्ही विचारलं नाही इतकंच. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आठवतंय? २०१२ चं नाटक, लेखक राजकुमार तांगडे जालन्याकडचे, शेतीतला माणूस, आणि स्टेजवरची बरीचशी पोरंही तिकडचीच. नंदू माधवांनी ते बसवलं आणि पुण्या-मुंबईने डोक्यावर घेतलं. त्याच्याही आधी, १९८५ ते १९९४ च्या काळात नाटककार सतीश आळेकरांनी पुण्याच्या थिएटर अकॅडमी या संस्थेतून नवे नाटककार घडवायची आणि पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यसंस्था उभ्या करायची योजना राबवली होती. म्हणजे मोठ्या माणसांनाही हे कळलं होतं की बाहेरगावचा लेखक आपोआप उगवत नाही, त्याला कुणीतरी जागा, वेळ आणि माणसं द्यावी लागतात. ते काम आता आपल्यालाच करायचंय.

आम्ही कसं करतो सांगतो. मे महिन्यात एक साधा मेसेज फिरवतो, कॉलेजं, वाचनालय, शिक्षकांचे ग्रुप, पत्रकार, की कुणाकडे नाटक आहे का, अर्धवट असलं तरी चालेल. मग जूनमध्ये दर रविवारी कुणाच्या तरी घरी वाचन. वाचन लेखकाने नाही करायचं, नटांनी करायचं, लेखकाने कोपऱ्यात बसून फक्त ऐकायचं, कारण आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात अडकतं तेव्हाच लेखकाला कळतं की हे बोललेलं नाहीये, लिहिलेलं आहे. हमालांवरचं नाटक पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यात एक मोठा संवाद होता शोषणावर. दीड पान. वाचणारा आमचा पोरगा स्वतः मार्केट यार्डात हिशोब लिहायला जातो, तो मधेच थांबला आणि म्हणाला, दादा, पाठीवर पोतं असताना माणूस एवढं बोलत नाही, तो फक्त "सरक" म्हणतो. लेखक काही बोलला नाही. पुढच्या रविवारी आला तेव्हा ते दीड पान गेलं होतं आणि तिथं एक माणूस पोतं घेऊन स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो आणि तीन वेळा "सरक" म्हणतो एवढंच राहिलं होतं. आता ती नाटकातली सगळ्यात जबरदस्त जागा आहे.

चार नाटकं निवडताना सगळी एकाच वजनाची घेऊ नका. पहिलं नाटक असं असावं ज्यात आपल्या प्रेक्षकाला आपलं घर दिसेल, म्हणून आम्ही द्राक्षबागेचं पहिलं ठेवलंय, लग्न न जमणारी पोरं हा विषय आमच्याकडे दर तिसऱ्या घरात आहे. जोगत्याचं नाटक दुसरं, कारण पहिलं बघून विश्वास बसलेला माणूसच ते बघायला येईल. हे धाडसी विषय वगैरे शब्द पोस्टरवर लिहू नका बरं का, त्याने चुकीची गर्दी येते आणि बरोबर माणसं घाबरतात. विषय सरळ सांगा, भाऊ भावाला घरात घेत नाही त्याची गोष्ट आहे, बस.

कागदपत्रांचं बोलतो कारण इथंच बहुतेक मंडळं फसतात. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आपण बोलताना ज्याला सेन्सॉर म्हणतो ते. संहिता पाठवायची, त्यांनी काही बदल सांगितले तर ते करायचे किंवा म्हणणं मांडायचं, आणि प्रमाणपत्र आल्यावरच तिकीटविक्री. याला वेळ लागतो, म्हणून संहिता निदान दोन-तीन महिने आधी गेली पाहिजे. आमच्याकडून एकदा उशीर झाला होता आणि प्रयोगाच्या तीन दिवस आधीपर्यंत कागद हातात नव्हता, त्या तीन रात्री कुणी झोपलं नाही. प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स काढा, एक हॉल मॅनेजरकडे, एक पोलीस स्टेशनला, एक बुकिंग खिडकीत, एक दिग्दर्शकाच्या पिशवीत. आणि मंजूर संहितेत नसलेलं वाक्य नटाने स्टेजवर घुसडायचं नाही, टाळी मिळत असली तरी नाही. नंतर कुणी आक्षेप घेतला तर तुमच्या बाजूने उभा राहणारा एकच कागद असतो आणि तो त्या एका वाक्यामुळे कमजोर होतो.

आक्षेप येतील याची तयारी ठेवा पण त्याला घाबरून नाटक कापू नका. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'च्या वेळी, १९७२ ची गोष्ट, दिग्दर्शक कमलाकर सारंग सेन्सॉरविरुद्ध हायकोर्टात गेले, भांडले आणि जिंकले. तेंडुलकरांच्याच 'गिधाडे'मध्ये साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली गेली तेव्हा डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की हा लाल समजा. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात प्रेक्षकाला आपल्या बाजूला घेतलंय. आपणही तेच करायचं. गावात कोण नाराज होऊ शकतं हे आपल्याला आधीच माहिती असतं, त्यांना तालमीला बोलवा. जोगत्याच्या नाटकाच्या वेळी आम्ही गावातल्या दोन जोगत्यांना आणि देवळाच्या पुजाऱ्यांना एका खोलीत बसवून पूर्ण नाटक वाचून दाखवलं. पुजारीकाकांनी एकच दुरुस्ती सांगितली, परडी कशी धरतात ती. आणि दोघांतल्या वयस्कर जोगत्याने नंतर आमच्या नटाला तीन संध्याकाळी बसवून चौंडकं कसं वाजवायचं ते शिकवलं, बोटं सोलून निघाली त्याची, पण आता ऐका.

लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन. आपलाच मित्र आहे, पैसे काय मागतोय, असं म्हणू नका. दर प्रयोगाला ठरलेली रक्कम, छोटी असली तरी चालेल, पण पाकिटात, प्रयोगाच्या दिवशी, पहिल्या घंटेच्या आधी. जुनं नाटक करत असाल तरी लेखक जाऊन ६० वर्षं होईपर्यंत हक्क वारसांकडे असतात, तेव्हा तिथंही परवानगी लागतेच. पार्श्वसंगीतात सिनेमाची गाणी टाकायचा मोह सोडा, त्याचं लायसन्स वेगळं असतं आणि खरं सांगायचं तर एक पेटी आणि एक हलगी जिवंत वाजली की स्पीकरमधलं गाणं फिकं पडतं.

तालीम. पन्नास दिवस धरा एका नाटकाला, रोज अडीच तास. चार नाटकं असली तरी दोन दिग्दर्शक आणि दोन टीम करा, एकाच नटाला चारही नाटकांत घ्यायचं नाही. शाळेचा वर्ग मिळाला तर उत्तम. पहिल्याच दिवशी हॉलच्या स्टेजची रुंदी-खोली टेपने मोजून आणा आणि वर्गाच्या फरशीवर तेवढीच खूण करा, रंगीत चिकटपट्टीने, विंगा कुठे, दार कुठे, सगळं. आम्ही हे एका वर्षी केलं नाही आणि रंगीत तालमीला कळलं की हॉलचं स्टेज आमच्या वर्गापेक्षा सहा फूट कमी खोल आहे, सगळं ब्लॉकिंग, म्हणजे कुणी कुठून कुठे जायचं ते, एका रात्रीत बदललं आणि प्रयोगात दोन नट एकमेकांवर आदळले.

मुलींच्या बाबतीत जरा जास्तच काळजी घ्या. नवीन नाटकांत जवळिकीचे, मारहाणीचे प्रसंग असतात. ते प्रसंग पहिल्या दिवसापासून मोजून बसवायचे, हात कुठे येणार, कुठपर्यंत येणार, किती सेकंद, आणि दोघांपैकी कुणीही थांब म्हणालं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. तालीम संपली की प्रत्येक मुलीला घरापर्यंत सोडायचं, टू-व्हीलरवर नाही, दोघंतिघं मिळून. आणि तिच्या आईला एकदा तरी तालमीला आणा. आमच्याकडे एका मुलीचे वडील नाटकाला नाही म्हणत होते, आई येऊन बसली, दोन तास हातातली पिशवी खाली ठेवली नाही तिने, आणि उठताना एवढंच म्हणाली, "हे आमच्या घरातलंच हाय की." पुढे वडिलांना तिनेच समजावलं. पहिल्या प्रयोगाला ते दोघं तिसऱ्या रांगेत होते.

सेटवर पैसे घालू नका. चार नाटकांना भिंती-दारांचे चार बॉक्स सेट म्हणजे दिवाळं निघेल. आम्ही चार बाय चार फुटांच्या सहा लेव्हल्स (बुटके चौथरे) करून घेतल्या, आठ इंच आणि सोळा इंच उंचीच्या, आठ ठोकळे आणि काळे पडदे. या एवढ्यातच बागायतदाराचा सोपा होतो, यार्डातला गाळा होतो, फ्लॅटची गॅलरी होते. प्रत्येक नाटकाला एकच खरी वस्तू आणायची पण ती खरीच पाहिजे. द्राक्षाच्या नाटकात पाठीवरचा फवारणीचा पंप आहे, खराखुरा, वापरलेला, त्याला औषधाचा वास अजून येतो आणि पहिल्या तीन रांगांना तो वास जातो (धुऊन घेतलाय नीट, कुणाला त्रास होणार नाही असा). सगळं एका छोट्या टेम्पोत बसलं पाहिजे हा आमचा नियम, कारण उद्या तासगावला किंवा जतला प्रयोग मिळाला तर भाड्यातच मरायला नको.

लाइट भाड्याने घ्या पण लाइटवाल्याला तालमीला दोनदा तरी बोलवा. हॉलच्या मेन बोर्डावर किती लोड चालतो हे वायरमनकडून आधी विचारून घ्या, जुन्या हॉलमध्ये डिमर (लाइट कमी-जास्त करायचं यंत्र) आणि पंखे एकत्र चालू केले की फ्यूज जातो. जनरेटर ठेवाच. माइकबद्दल माझं मत ठाम आहे, तीनशे-साडेतीनशेच्या हॉलमध्ये नटाने आवाज टाकायला शिकावं. नाहीच जमलं तर वरून दोन माइक टांगा, पण गालाला चिकटवलेले माइक लावले की नवं नाटक ऑर्केस्ट्रासारखं ऐकू येतं.

तिकीट ठेवाच. फुकट पास अजिबात नाही, नगरसेवकालाही नाही, त्यांना प्रेमाने सांगा, घेतात ते विकत. आम्ही एका नाटकाचं १५० आणि चारही नाटकांचा सीझन पास ४०० ठेवलाय. प्रति माणशी ५०० पर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटीत सूट आहे, त्यामुळे तो घोळ नाही. ऑनलाइन ठेवा पण छोट्या गावात तिकीट हातानेच विकलं जातं. प्रत्येक कलाकाराने वीस पास विकायचे, आणि ओळखीच्यांना नव्हे, नाटक कधीच न बघणाऱ्यांना. बचत गटाच्या बैठकीत जा, एसटी डेपोत जा, सलूनमध्ये पोस्टर लावा कारण तिथं माणूस अर्धा तास समोर बघत बसतो. स्टेटसला ट्रेलर नको, नाटकातलं एकच वाक्य नटाच्या आवाजात, पंधरा सेकंद. आमचं आईच्या नाटकातलं "मला कुणीतरी चहाला विचारायला पाहिजे गं" हे वाक्य एवढं फिरलं की ज्यांना मी ओळखत नाही अशा बायकांचे फोन आले तिकिटासाठी.

तिकीट देतानाच सांगायचं काय आहे नाटकात. शिव्या असतील तर सांगा, मुलांना आणू नका असं असेल तर सांगा. फसवलं गेलेला प्रेक्षक परत येत नाही.

प्रयोगाच्या दिवशी एकच मोठी विनंती. सत्कार नको. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत यात पाऊण तास जातो आणि विंगेत मेकअप करून उभा असलेला नट थंड पडतो. नटराजाची पूजा आत ग्रीन रूममध्ये करा, नारळ वाढवा, मोठ्यांच्या पाया पडा, आणि वेळेवर तिसरी घंटा द्या. साडेसातचं नाटक साडेसातला. पहिल्या दिवशी अर्धे लोक उशिरा येतील, त्यांना मागच्या दाराने अंधारात बसवा. दुसऱ्या नाटकाला बघा, सव्वासातला हॉल भरलेला असतो.

नाटक संपलं की वीस मिनिटं गप्पा ठेवा, ज्याला थांबायचंय तो थांबेल. लेखक, दिग्दर्शक आणि नट स्टेजच्या कडेवर पाय सोडून बसतात, माइक प्रेक्षकांकडे. इथं समजावून सांगायचं नाही, ऐकायचं. पहिला प्रश्न बहुतेक "यातून संदेश काय" हाच येतो, तेव्हा उत्तर न देता त्यांनाच विचारा की तुम्हाला घरी जाताना काय आठवेल. द्राक्षबागेच्या नाटकाचा आम्ही उन्हाळ्यात एक छोटा प्रयोग करून बघितला होता, तेव्हा एक शेतकरी उठून म्हणाला की त्या पोराने शेवटी बाग तोडायला नको होती, मी असतो तर तोडली नसती, आणि पलीकडून दुसरा म्हणाला मी तोडली. हॉलमध्ये कुणी हललं नाही. लेखकाने त्या रात्री शेवट पुन्हा लिहायला घेतला. म्हणून सांगतो, नव्या नाटकाचे निदान दोन प्रयोग करा, पहिल्यानंतर लेखकाला बदलायला वेळ द्या. बदललेली संहिता असेल तर तीही पुन्हा मंजूर करून घ्या, तो कंटाळा करू नका.

हिशोब दर नाटकानंतर आठवड्याच्या आत सगळ्यांसमोर मांडा, वहीत, पावत्यांसकट. मंडळं नाटकाने नाही फुटत, हिशोबाने फुटतात. तोटा झाला तर किती आणि कुणी किती भरायचे ते तिथंच. एका वर्षी एका प्रायोजकाने बॅनर लावून घेतले आणि पैसे दिलेच नाहीत, तेव्हापासून आम्ही प्रायोजकाची रक्कम बँकेत आल्यावरच नाव छापतो.

आणि शेवटच्या नाटकाच्या दिवशी हे नक्की करा. दारात एक खोका ठेवा, कोरी कार्डं आणि पेनं ठेवा, आणि एकच प्रश्न विचारा, पुढच्या वर्षी कुणाची गोष्ट बघायचीय. गेल्या मार्चला आमच्या खोक्यात एकशेचाळीसच्या वर कार्डं आली. एकावर पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "आमच्या हमाल लोकांवर कुणी करत नाही." नाव नव्हतं. ते कार्ड आम्ही जूनच्या पहिल्या वाचनाला टेबलावर ठेवलं होतं. त्या माणसासाठी २७ फेब्रुवारीच्या आठवड्यातल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवणार आहोत, आणि मार्केट यार्डाच्या फाटकावर तसं लिहून चिकटवलंय.